उसाची नोंद, तोडणीची पाळी आणि कारखान्याची माहिती प्रणाली

ऊस हे महाराष्ट्रातील प्रमुख नगदी पीक आहे. जातीची निवड, बेणेप्रक्रिया, खतांच्या मात्रा, पाणी व्यवस्थापन आणि कीड-रोग नियंत्रण या विषयांवर ऊस उत्पादकांना वेळोवेळी मार्गदर्शन मिळत असते. परंतु शेतात उत्तम वाढलेला ऊस योग्य वेळी तुटला नाही, तर दीड वर्षाच्या मेहनतीचा मोठा भाग वाया जातो. तोडणीची वेळ शेतकरी स्वतः ठरवीत नाही. कारखान्याचा शेतकी अधिकारीही ती एकट्याने ठरवीत नाही. लागणीच्या वेळी झालेल्या नोंदीतील चार-पाच आकड्यांवरून ती ठरते. पूर्वी हे आकडे लाल कापडात बांधलेल्या रजिस्टरमध्ये असत, आता ते संगणकात असतात. हे आकडे कोठून येतात, कारखान्यात त्यांचा उपयोग कसा होतो आणि ते चुकल्यास नुकसान कोणाचे होते, हे ऊस उत्पादकाने समजून घेणे गरजेचे आहे.

माहिती प्रणाली म्हणजे काय?

माहिती प्रणाली हा शब्द जड वाटला तरी ही गोष्ट आपल्या परिचयाची आहे. गावातील दूध संस्थेचे उदाहरण घ्या. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचे दूध मोजले जाते, फॅट काढली जाते, त्याची नोंद होते आणि ठरलेल्या मुदतीला त्या नोंदीवरून बिल तयार होते. त्याच नोंदीवरून उद्या किती कॅन पाठवावे लागतील, याचाही अंदाज संस्थेला येतो. माहिती गोळा करणे, ती नीट लावून ठेवणे आणि ज्याला निर्णय घ्यावयाचा आहे त्याच्या हातात ती वेळेवर देणे, ही तीन कामे जी व्यवस्था करते तिला माहिती प्रणाली म्हणावे. संगणक हे त्यातील एक साधन आहे. त्याने वेग येतो. मूळ नोंद चुकीची असेल तर तीच चूक तो वेगाने सगळीकडे पोहोचवितो, एवढाच काय तो फरक.

आधुनिक उद्योगांमध्ये, मग तो कापडाचा असो, औषधांचा असो की साखरेचा, यंत्रसामग्रीइतकेच महत्त्व या व्यवस्थेला आले आहे. साखर उद्योगात तर तिची गरज अधिक आहे, कारण येथील कच्चा माल गोदामात साठवून ठेवता येत नाही. ऊस तोडल्यानंतर त्याचे वजन घटू लागते आणि त्यातील साखरेचे विघटन सुरू होते. म्हणून तोडणीनंतर शक्यतो २४ तासांच्या आत ऊस गाळला जावा अशी शिफारस आहे. म्हणजे कारखान्याचे खरे गोदाम शेतकऱ्याच्या शेतातच उभे असते. त्या गोदामात काय आहे, किती आहे आणि ते केव्हा तयार होणार आहे, हे कारखान्याला केवळ नोंदीवरून कळते.

आकड्यांचा हिशोब

दररोज ५,००० टन गाळप करणारा एक कारखाना उदाहरणादाखल धरू. एकरी सरासरी ४० टन उत्पादन मानल्यास या कारखान्याला रोज १२५ एकर ऊस लागतो. हंगाम १५० दिवस चालला तर साडेसात लाख टन, म्हणजे १८,७५० एकर ऊस झाला. आपल्याकडील जमीनधारणा पाहता हे क्षेत्र काही हजार शेतकऱ्यांच्या लहान-लहान तुकड्यांत विखुरलेले असते. रोज शंभराच्या आसपास शेतांवर टोळ्या पाठवायच्या, तेवढा ऊस वाहनांनी आणायचा आणि गव्हाण रिकामीही पडू द्यायची नाही व अड्ड्यावर वाहनांची रांगही लागू द्यायची नाही, असे हे काम आहे.

आता समजा, नोंदीतील क्षेत्र प्रत्यक्षापेक्षा १० टक्क्यांनी कमी निघाले. याचा अर्थ ७५,००० टन ऊस कारखान्याच्या हिशोबातच नाही. त्याच्या गाळपासाठी १५ दिवस अधिक लागतील. तोडणी मजुरांशी करार पावसाळ्यापूर्वीच झालेले असतात, त्यांची संख्या त्याच नोंदीवरून ठरलेली असते. हंगाम एप्रिलमध्ये लांबला की ऊन वाढते, मजूर गावाकडे परतू लागतात, उसाचे वजन आणि उतारा दोन्ही घटतात. नोंद जास्त निघाली तरी अडचण होतेच. ऊस नसताना टोळ्या आणि वाहने बांधून ठेवली जातात, उचल अंगावर बसते आणि शेवटी तो खर्च फिरून सभासदांच्याच माथी येतो.

नोंदीत काय असते?

ऊस लागणीनंतर गट कार्यालयात जी नोंद होते तीत शेतकऱ्याचे नाव व सभासद क्रमांक, जमिनीचा गट नंबर, क्षेत्र, लागण तारीख, लागणीचा प्रकार आणि जात या बाबी प्रामुख्याने असतात. यांपैकी लागण तारीख ही सर्वांत महत्त्वाची आहे. आडसाली ऊस साधारणतः १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या काळात, तर सुरू ऊस १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी या काळात लावला जातो. आडसाली १६ ते १८ महिन्यांत, पूर्वहंगामी १४ ते १६ महिन्यांत आणि सुरू सुमारे १२ ते १४ महिन्यांत तोडणीस येतो. तारखेवरून प्रकार ठरतो आणि प्रकारावरून तोडणी कार्यक्रमातील जागा ठरते. संगणक सर्व नोंदी तारीखवार लावतो आणि पंधरवड्याप्रमाणे यादी काढतो. तो शेतात जाऊन ऊस पाहत नाही.

जातीची नोंदही तेवढीच महत्त्वाची आहे. कोसी ६७१ ही लवकर पक्व होणारी, भरपूर साखर देणारी जात. पक्वतेनंतर ती शेतात फार काळ ठेवता येत नाही. को ८६०३२ आणि कोएम ०२६५ (फुले २६५) या मध्यम उशिरा पक्व होणाऱ्या जाती. पहिली दुसऱ्यांच्या नावावर नोंदली गेली, तर तिचा क्रम मागे जाणार आणि हंगामाच्या अखेरीस तिच्या कांड्यांत साखरही राहणार नाही आणि वजनही राहणार नाही. अनेक शेतकरी बेणे शेजाऱ्याकडून घेतात आणि जात विचारली की "लाल उसाची" किंवा "अमक्याच्या मळ्यातली" एवढेच सांगतात. नोंद घेणारा कर्मचारी मग परिसरात जी जात जास्त तीच लिहून मोकळा होतो.

क्षेत्राच्या बाबतीत दोष आपल्याकडेही आहे, हे स्पष्टपणे सांगणे भाग आहे. पीक कर्ज अधिक मिळावे म्हणून तीस गुंठ्यांचे एक एकर सांगणे, किंवा पाळी लवकर यावी म्हणून एकाच उसाची दोन कारखान्यांकडे नोंद करणे, हे प्रकार सर्रास घडतात. दोन ठिकाणी नोंदलेला ऊस शेवटी एकाच ठिकाणी जातो. दुसऱ्या कारखान्याच्या यादीत तो कागदावर उभाच राहतो आणि त्याच्यासाठी राखलेली टोळी ज्या शेतकऱ्याकडे जायला हवी होती तेथे वेळेवर जात नाही. अलीकडे काही कारखाने मोबाईलवरील उपग्रह-आधारित मोजणीने शेताच्या बांधाभोवती फिरून क्षेत्र नोंदवतात. त्यामुळे क्षेत्रातील चूक कमी होते, परंतु जात आणि तारीख शेवटी शेतकऱ्याच्या तोंडूनच घ्यावी लागते.

एक घरचा अनुभव

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते एका नुकसानीमुळे. मी कृषी पदव्युत्तर शिक्षण घेत असताना आमच्या वडिलांनी सव्वा एकर आडसाली ऊस जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लावला. नोंद रीतसर झाली, संगणकाची छापील पावतीही मिळाली. वडिलांनी ती भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खिळ्याला अडकविली. पुढच्या वर्षी ऊस चांगला पोसला. डिसेंबर गेला, जानेवारीही संपत आला, तरी टोळी येईना. शेजारच्या बांधावरचा, त्याच आठवड्यात लावलेला ऊस तुटून गेला. आमच्या उसाला मात्र तुरा आला. वडील गट कार्यालयात तीन-चार वेळा जाऊन आले. "यादीत नाव आलेले नाही" एवढेच उत्तर मिळे.

शेवटी मी सुटीवर आलो तेव्हा पावती काढून पाहिली. लागणीच्या महिन्याच्या जागी ७ ऐवजी ११ छापले होते. प्रकाराच्या रकान्यात पूर्वहंगामी. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने आमचा ऊस चार महिने लहान होता आणि त्याची पाळी मार्चमध्ये होती. दुरुस्तीचा अर्ज केला, पण तोपर्यंत त्या गटातील टोळ्या पुढच्या गावांत गेल्या होत्या. ऊस मार्चच्या मध्याला तुटला. कांड्या आतून पोकळ पडल्या होत्या. शेजारच्या उसापेक्षा एकरी आठ टन कमी भरला. शिवाय १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये ही शिफारस आम्हालाही लागू होतीच. म्हणजे खोडवाही गेला.

तीन गावांच्या पावत्या एका बैठकीत भरणाऱ्या त्या कर्मचाऱ्यावर वडील बरेच दिवस रागावलेले होते. मलाही राग होता. पण खरे सांगायचे तर ती चूक सव्वा वर्ष आमच्याच भिंतीवर टांगलेली होती आणि घरात वाचता येणारे चौघेजण होते.

वारणेचा प्रयोग

माहिती कारखान्याकडे जाते, तशी ती शेतकऱ्याकडे परतही आली पाहिजे. या दृष्टीने कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथील प्रयोग अभ्यासण्यासारखा आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात १९९८ मध्ये केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा समूह यांच्या सहभागातून 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प हाती घेण्यात आला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे त्यासाठी निवडण्यात आली आणि गावोगावी संगणक केंद्रे उभारण्यात आली. इंटरनेट हा शब्द शहरांतही नवा असताना खेड्यांत संगणक नेण्याचा हा धाडसी प्रयत्न होता. शेती सल्ला, बाजारभाव, आरोग्य, शिक्षण अशी अनेक प्रकारची माहिती या केंद्रांतून मिळावी असा हेतू होता.

काही वर्षांनी बेंगळुरू येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च या संस्थेच्या अभ्यासकांनी ही केंद्रे पाहिली, तेव्हा एक बोलकी गोष्ट त्यांच्या लक्षात आली. केंद्रांचा वापर मुख्यतः उसाच्या कामासाठीच होत होता. लागणीची नोंद, तोडणीची परवानगी, खताची उचल आणि कारखान्यात किती ऊस गेला याची पावती, एवढ्याच कामांसाठी शेतकरी तेथे येत. बाकी योजना मागे पडल्या होत्या. मला यात नवल वाटत नाही. ज्या माहितीवर आपला पैसा अवलंबून आहे, ती माहिती माणूस चालत जाऊन विचारतो.

मग एवढ्याच कामासाठी गावोगावी संगणक कशाला, असा विचार पुढे आला. सात गावांत आठ महिने एक चाचणी घेण्यात आली. संगणकाच्या जागी साधे मोबाईल फोन दिले. शेतकऱ्याचा क्रमांक आणि कामाची खूण एवढा छोटा संदेश पाठवायचा, मुख्य कार्यालयातील संगणकाला जोडलेल्या फोनवर तो जायचा आणि उत्तर संदेशानेच परत यायचे. संगणकावर होणारी सर्व कामे या पद्धतीने झाली. ती स्वस्त पडली, सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडली. सर्व केंद्रांवर ही पद्धत लागू केल्यास सुमारे दहा लाख रुपयांची बचत होईल असा अभ्यासकांचा अंदाज होता. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आज वजनाचा संदेश मोबाईलवर येणे अनेक कारखान्यांच्या सभासदांना सवयीचे झाले आहे, त्याची बीजे अशा प्रयोगांत आहेत.

पीक व्यवस्थापनाच्या दृष्टीने मला यातील एका माहितीचे मोल सर्वांत जास्त वाटते. ती म्हणजे तोडणीची अपेक्षित तारीख. तोडणीपूर्वी १५ ते २० दिवस उसाचे पाणी बंद करावे, अशी शिफारस आहे. त्यामुळे पक्वता वाढते आणि भारी जमिनीत वाहन रुतत नाही. पण तारीखच माहीत नसेल तर पाणी केव्हा तोडावे? पाणी बंद केले आणि टोळी महिनाभर आली नाही, तर ऊस वाळतो. पाणी चालू ठेवले आणि टोळी अचानक आली, तर ट्रॅक्टर चिखलात अडकतो आणि वर बाहेर काढण्याचे पैसे द्यावे लागतात. कारखान्याने पंधरवड्याची यादी गट कार्यालयाच्या फलकावर लावली, किंवा संदेशाने कळविली, तरी ही अडचण बरीच दूर होईल. जे कारखाने हे करतात त्यांच्या कार्यक्षेत्रात टोळीच्या मागे धावणारे शेतकरी कमी दिसतात.

काट्यापासून बिलापर्यंत

भरलेले वाहन काट्यावर आले की भरलेले वजन घेतले जाते, रिकामे झाल्यावर पुन्हा वजन होते आणि फरकाएवढा ऊस शेतकऱ्याच्या खात्यावर चढतो. येथे तोडणी पावतीचे महत्त्व आहे. शेतात चिटबॉय जी पावती देतो तिच्यावरील सभासद क्रमांक आणि लागण नोंद क्रमांक बरोबर असेल तरच वजन योग्य खात्यात जाते. एकाच आडनावाची दहा घरे असलेल्या गावांत क्रमांकाची अदलाबदल होऊन एकाची खेप दुसऱ्याच्या नावावर चढल्याची उदाहरणे आहेत. शेवटच्या खेपेनंतर आपल्याकडील पावत्यांच्या वजनांची बेरीज करून ती बिलाशी ताडून पाहावी. हे काम अर्ध्या तासाचे आहे.

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पुरविल्यापासून १४ दिवसांत किमान दराची रक्कम देणे कारखान्यावर बंधनकारक आहे आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज देय आहे. ही मुदत ऊस पोहोचल्याच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणून वजन पावतीवरील तारीख स्पष्ट उमटली आहे ना, हेही पाहावे. उष्णतेने छपाई पुसट होणारा कागद असल्यास पावतीचा फोटो काढून ठेवावा.

२०२१-२२ चा हंगाम

नोंदीकडे दुर्लक्ष झाल्यास संपूर्ण राज्याला काय भोगावे लागते, हे २०२१-२२ च्या हंगामात दिसून आले. चांगल्या पावसामुळे उसाचे क्षेत्र वाढले होते. मराठवाड्यात अनेक ठिकाणी उसाची नोंदच झालेली नव्हती, त्यामुळे तो कोणत्याच कारखान्याच्या कार्यक्रमात बसत नव्हता. मे महिन्याच्या उन्हात ऊस शेतात उभा होता. गाळप जून २०२२ पर्यंत लांबले. शासनाला १ मेनंतर गाळलेल्या उसासाठी उताऱ्यातील घटीपोटी टनाला २०० रुपये आणि दूरच्या वाहतुकीसाठी अनुदान द्यावे लागले. कारणे अनेक होती. मजुरांची कमतरता हे त्यांपैकी एक मोठे कारण होते. पण ज्या उसाची नोंदच नाही त्याची सोय लावणे सर्वांत कठीण गेले. त्यानंतर २०२२ मध्येच साखर आयुक्तालयाने शेतकऱ्याला मोबाईलवरून स्वतः नोंद करता यावी यासाठी 'महा-ऊस नोंदणी' हे ॲप आणले.

ऊस उत्पादकांनी घ्यावयाची काळजी

लागण पूर्ण होताच, शक्यतो पंधरवड्याच्या आत नोंद करावी. नोंदीला जाताना सात-बारा उतारा, सभासद क्रमांक आणि बेणे खरेदीची पावती बरोबर न्यावी. बेणे विद्यापीठाकडून किंवा कारखान्याच्या बेणेमळ्यातून घेतले असल्यास जातीचे नाव त्या पावतीवर असते. नोंद पावती हातात पडताच तेथेच उभे राहून तारीख, प्रकार, जात आणि क्षेत्र हे चार रकाने वाचावेत आणि चूक असल्यास त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्यावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी. एका शेतात दोन जाती किंवा दोन वेगवेगळ्या तारखांची लागण असेल तर दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात. सोयीसाठी एकच नोंद केली की दोन्हींपैकी एकाची तोडणी चुकते.

खोडव्याची नोंद आपोआप होते असा समज आहे. तो बरोबर नाही. ऊस तुटल्यानंतर खोडवा ठेवणार असल्यास त्याची नोंद नव्याने करावी लागते आणि तीत आधीच्या पिकाच्या तोडणीची तारीख द्यावी लागते. तसेच हंगामापूर्वी उसाचा काही भाग बेण्यासाठी विकला, चाऱ्यासाठी काढला, पुरात गेला किंवा जळाला, तर उरलेले क्षेत्र गट कार्यालयात कळवावे. अर्धा एकर ऊस बेण्याला देऊनही यादीत पूर्ण एकर राहिला, तर टोळी आणि दोन वाहने सकाळी शेतावर येतात, दुपारी काम संपते आणि दुसरे वाहन रिकामे परत जाते.